सोफ्यावरची एकच जागा

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी शाळेची पिवळी बस लोर्ना बर्डिकच्या दारावरून जायची, आणि ती कधी नुसती जायची नाही. पत्रपेटीपाशी आली की मंदावायची, दोनदा हॉर्न वाजवायची, मग खटकन दार उघडायचं आणि आतून खणखणीत आवाज यायचा, "चला, येताय का कुणी? तीन जागा रिकाम्या आहेत!"

ओरडणारी बाई दुसरी-तिसरी कुणी नव्हती, लोर्नाची सासूच होती. इर्मा बर्डिक एकोणीस वर्षं खोऱ्यातली बस चालवत होती. खोऱ्यातली झाडून सगळी पोरं तिच्या बसने शाळेत जायची, फक्त तिची स्वतःची तीन नातवंडं तेवढी घरात बसून शिकायची. बस चालवणाऱ्या बाईला याहून मोठी नामुष्की ती कोणती? आणि नातवंडंही अशी, की लाजेनं तोंड लपवायचं सोडून पायांत मोजे घालून खिडकीत उभी राहायची आणि हात हलवायची.

"नाही येत, आजी!"

"मग बसा बोंबलत!" दार मिटायचं, बस वळणावरून खाली गडप व्हायची.

आज लोर्ना अडुसष्ट वर्षांची आहे. इर्माला जाऊन बरीच वर्षं झाली. आता त्या रस्त्यावरची बस एक गुळगुळीत दाढीचा पोरगा चालवतो. तो बापडा हॉर्न वाजवत नाही, त्याला वाजवायचं कारणही नाही. पण सात-वीस झाले की लोर्नाचा हात कपावरच थांबतो. ती हाक तिला तेव्हा नकोशी व्हायची, आणि आता ती ऐकायला ती काय वाटेल ते देईल. हे तिनं स्वतः सांगितलेलं आहे, मी माझ्या पदरचं काही घालत नाही.

लोकांना वाटायचं, या बर्डिक मंडळींच्या घरशाळेमागे काहीतरी मोठं तत्त्व असणार. कुणी म्हणे, फार देवभोळी आहेत. कुणी म्हणे, सरकारवर राग आहे. खरं कारण दुधाचा टँकर होता. लोर्नाचा नवरा वेन्डेल गावोगावच्या गोठ्यांतून दूध गोळा करायचा. पहाटे तीनला निघायचा, दुपारी एकला परतायचा आणि संध्याकाळी सहाला झोपायचा. मुलं बसने शाळेत गेली असती, तर घरी यायला त्यांना चार वाजले असते. म्हणजे बापाची नि लेकरांची गाठ जेमतेम दोन तास, तीही बाप जांभया देत असताना. थोरली टॅबिथा सहा वर्षांची झाली तेव्हा लोर्ना म्हणाली, "एक वर्ष मी घरीच शिकवते, बघू." ते एक वर्ष म्हणता म्हणता पाच झाली.

दिवस ठरलेला असायचा. सहाला लोर्ना उठून लाकडाच्या स्टोव्हमध्ये दोन ओंडके सरकवायची. मुलं अंगात बापाचे जुने स्वेटर चढवून बाहेर पळायची. टॅबिथाकडे बकरी, मधल्या एझ्राकडे लाकडं, धाकट्या सायलसकडे कोंबड्या. मग ओटची पेज, तिच्यावर मेपलचा पाक. पाक किती घ्यायचा यावरून रोज एक भांडण व्हायचं, आणि लोर्ना त्या भांडणातच अपूर्णांक उरकून घ्यायची. "पाव वाटीचा तिसरा हिस्सा किती? सांग आणि घे. नाही सांगितलंस तर कोरडी खा." एझ्राचे अपूर्णांक पक्के झाले ते निव्वळ हावरटपणापायी.

मग आजीची बस. बस गेली की वाचन.

नऊला टेबलावर गणितं. दहाला शुद्धलेखन, त्यातच खिडकीबाहेर कुठला पक्षी आला की पेन्सिली टाकून धाव. साडेअकराला सूप. एकला बाप आला की त्याच्या टँकरची मोजपट्टी घेऊन, आज कुठल्या गोठ्यात किती दूध निघालं आणि कालच्यापेक्षा कमी का, याची चर्चा. संध्याकाळी लोर्ना नोंदवहीत दिवस लिहायची. सरकारला वर्षाचे एकशे ऐंशी दिवस दाखवायचे असायचे. "साबण केला – रसायनशास्त्र. साबण बिघडला – रसायनशास्त्र, पुन्हा. शेजारच्या गाईला वासरू झालं, तिघांनी पाहिलं – जीवशास्त्र. एझ्राला भोवळ आली – आरोग्य." अशी ती वही. वाचायला फार छान.

पण या सगळ्यात खरं सुख साडेसात ते नऊचं. स्टोव्हजवळ एक तपकिरी सोफा होता. त्याच्या एका बाजूची स्प्रिंग कधीची तुटलेली. तिथं बसलेला माणूस ढोपरं हनुवटीला लागेपर्यंत आत जायचा. म्हणजे सोफ्याची बसण्यालायक बाजू एकच. तिथं लोर्ना बसायची, आणि तिच्या कुशीत, एकाच गोधडीखाली, एक मूल मावायचं. एकच.

त्यामुळे घरात आपोआप एक नियम पडला होता. ज्याला वाचता येत नाही, ते मूल कुशीत. त्यानं ओळींवरून आईच्या बोटाबरोबर नजर फिरवायची आणि पान उलटायचं काम करायचं. ज्याला वाचता येतं, त्यानं टेबलाशी आपल्या खुर्चीवर बसून ऐकायचं, हवं तर स्वतःचं पुस्तक उघडायचं.

आणि खुर्ची म्हणजे साधीसुधी खुर्ची नव्हे. मुलानं अख्खं पान पहिल्यांदा स्वतः वाचून दाखवलं, की त्या दिवशी घरात सण. लोर्ना चॉकलेटचा केक करायची, वेन्डेल आपल्या हातानं केलेली मेपलच्या लाकडाची खुर्ची आणायचा, पाठीवर तापल्या सळीनं नाव कोरलेलं असायचं. मग सगळ्यांनी गावातल्या वाचनालयात जाऊन त्या मुलाच्या नावाचं कार्ड काढायचं. टॅबिथाला खुर्ची मिळाली सहाव्या वर्षी. त्या दिवसाचा तिचा फोटो फ्रिजच्या दारावर लावलेला होता. हनुवटी वर, हात खुर्चीच्या हातांवर, एखाद्या न्यायाधीशासारखी. लोर्नाला विचारलं असतं, की तुझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस कुठला, तर तिनं लग्नाचा सोडून हा सांगितला असता. एझ्राला साडेसहाव्या वर्षी मिळाली. सायलसची खुर्ची वेन्डेलनं हौसेनं आधीच करून ठेवली होती, सायलस सहाचा व्हायच्या आधी. ती खोपटात, कोंबड्यांच्या दाण्याच्या पिंपावर, खिळ्याला टांगलेली होती.

सायलस सहाचा झाला, सातचा झाला. खुर्ची खिळ्यालाच राहिली.

लोर्नानं करायचं काही बाकी ठेवलं नाही. खरखरीत कागदाची अक्षरं कापली. पिठात अक्षरं गिरवून घेतली. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवली, बकरीवरसुद्धा, ती बकरीनं खाल्ली. सायलसला अक्षरं ओळखता यायची, सुटे शब्दही जमायचे. पण ओळ पुढ्यात ठेवली की तो ओठ घट्ट मिटायचा आणि मान हलवायचा.

"मला नाही येत."

"पहिला शब्द तरी?"

"नाही येत, आई. तूच वाच ना."

आणि तो इतक्या लाडानं गोधडी वर ओढायचा, की लोर्ना वाचायची.

नोव्हेंबरात सायलस आठ वर्षांचा झाला आणि गोष्ट घरापुरती राहिली नाही. आठ पूर्ण झाली की आमच्या राज्यात मुलाचं नाव शिक्षण कचेरीत नोंदवावं लागायचं, आणि वर्षाअखेरी तपासनीस बाई घरी येऊन मुलाशी बोलून, त्याच्या वह्या बघून सही करायच्या. इर्माला हे कायदे तोंडपाठ. आठव्या वाढदिवसाला ती भोपळ्याची गोड पाई भाजून घेऊन आली आणि पाई कापायच्या आधीच तिनं विषय कापायला घेतला.

"पोर आठ वर्षांचं झालं, वेन्डेल. स्वतःच्या वाढदिवसाचं कार्ड वाचता येत नाही त्याला. हे शिक्षण?"

"इर्मा, प्रत्येक मुलाची वेळ वेगळी असते," लोर्ना म्हणाली.

"माझ्या बसची वेळ सगळ्यांना एकच आहे. सात-वीस."

"तुम्हाला फक्त तुमच्या सीट भरायच्यात."

"हो भरायच्यात! त्यात काय चोरी आहे? खोऱ्यातले लोक विचारतात मला, इर्मा, तुझी नातवंडं आजारी आहेत का गं, म्हणून."

वेन्डेल दोघींच्या भांडणात कधी पडायचा नाही. त्या दिवशी मात्र त्यानं पाईचा तुकडा ताटात तसाच ठेवला. "लोर्ना, जूनमध्ये बाई येतील. त्यांच्यापुढे त्यानं वाचलं, तर चालू राहू दे जसं चाललंय तसं. नाही वाचलं, तर सप्टेंबरात तो आईच्या बसनं जाईल. मला तरी दुसरं काही सुचत नाही."

सायलस तिथंच होता. पाई खात होता. त्यानं सगळं ऐकलं.

तो हिवाळा लोर्नाला जड गेला. सायलसला शाळेत पाठवायचं म्हणजे काही काळ्या पाण्याची शिक्षा नव्हती, हे तिलाही कळत होतं. पण तो दुपारी बापाला भेटणार नाही, मोजपट्टी धरणार नाही. आणि मुख्य म्हणजे आठ वर्षांचा घोडा, वाचता येत नाही म्हणून, पाच-सहा वर्षांच्या पोरांत बसवला जाणार. तिच्यामुळे. हा "तिच्यामुळे" शब्द तिला दिवसभर टोचायचा. बाकी दोघांना तिनंच तर शिकवलं होतं. मग याच्या बाबतीत कुठं माशी शिंकली?

मार्चमध्ये एकदा असं झालं, की ती कालव्यावर होड्या ओढणाऱ्या एका खेचराची गोष्ट वाचत होती. खेचर आजारी पडतं, त्या पानावर तिचा घसा दुखायला लागला म्हणून तिनं मधल्या सहा-सात ओळी गाळल्या. पान उलटायचं काम सायलसचं. तो उलटेना. त्याचं बोट गाळलेल्या ओळींवर होतं.

"काय झालं रे?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि त्यानं घाईघाईनं पान उलटलं.

लोर्नानं त्यावर विचार केला नाही. किंवा केला आणि बाजूला ठेवून दिला.

मेच्या शेवटच्या शनिवारी इर्मा सायलसला बस धुवायला घेऊन गेली. ही त्यांची वर्षातून दोनदाची ठरलेली मजा. बादल्या, साबणाचा फेस, आणि शेवटी त्याला चालकाच्या सीटवर बसून हॉर्न वाजवायची परवानगी. संध्याकाळी ती त्याला परत सोडायला आली, पण आत आली नाही. नुसता हात केला आणि गेली. इर्मा आणि कॉफीला नाही म्हणते? लोर्नाला जरा नवल वाटलं.

सोमवारी सात-वीसला बस आली. मंदावली. हॉर्न वाजला नाही. आणि मग जे झालं, ते खोऱ्यात कुणी कधी पाहिलं नव्हतं. बस थांबली, इंजिन बंद झालं, आणि मुलांनी भरलेली बस दारात उभी करून इर्मा खाली उतरली. पायरी चढून तिनं दार वाजवलं. मागे बसच्या सगळ्या खिडक्यांना नाकं चिकटली होती.

लोर्ना हातातली कढई तशीच घेऊन दारात आली. "काय झालं? कुणाला लागलं का?"

"दार ओढून घे मागून. पोरांना ऐकू जाता कामा नये." इर्मानं श्वास घेतला. "तुझं पोर वाचतं."

"काय?"

"सायलस वाचतो. फाडफाड वाचतो. शनिवारी समोरची काच पुसत होता. मी काचेपाशी माझ्यासाठी एक चिठ्ठी चिकटवली होती, शुक्रवारीच लिहिलेली, माझ्या त्या कोंबडीच्या पायाच्या अक्षरात. हॅलोरनच्या जुळ्यांना गुरुवारी नाक्यावर उतरवायचं नाही, त्यांचा मामा शाळेतूनच नेणार, अशी. हा मला विचारतो, आजी, या जुळ्यांचा मामा कुठला गं? मी म्हटलं, कोण मामा? तर गप्प. कान लाल."

लोर्नाच्या हातातली कढई खाली गेली.

"मग मी काय सोडते? चालकाच्या सीटवर बसवला आणि म्हटलं, बोल. तर म्हणतो, आजी, कुणाला सांगू नको. मला वर्षापासून येतं. म्हटलं, अरे गाढवा, मग आई जीव टाकतेय, तू बोलत का नाहीस? तर काय म्हणतो ऐक." इर्माचा आवाज फाटला, म्हणून तिनं खाकरून तो जागेवर आणला. "म्हणतो, वाचलं की खुर्ची मिळते. खुर्ची मिळाली की सोफ्यावरून उठावं लागतं. आणि हिशेब केलाय गं त्यानं. म्हणतो, नाही वाचलं तर मला तुझ्या बसनं जावं लागेल, पण शनिवार-रविवार आईजवळची जागा माझीच राहील. वाचलं तर एकही दिवस राहणार नाही. म्हणून मी बसनं येणार आहे आजी."

बसमधून कुणीतरी हॉर्न दाबला. इर्मानं मागे न बघता हात उगारला, हॉर्न थांबला.

"पाच वर्षं मी या दारात ओरडतेय, की चला म्हणून," ती म्हणाली. "आणि पोर येतो म्हणालं, तर असं. मला नको असला पॅसेंजर. कुणाला सांगणार नाही म्हणून मी त्याला शब्द दिला होता. तो मोडला. आता तू आणि तो बघून घ्या." ती वळली आणि पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, "तुला खरंच ठाऊक नव्हतं?"

"नाही," असं लोर्ना म्हणणार होती. ते तिच्या तोंडून निघालं नाही.

बस गेल्यावर ती पायरीवरच उभी राहिली. मार्चमधलं ते बोट तिला आठवलं. वाचताना एखाद्या ओळीला तिच्या आधी अर्धा क्षण हसणारं पोर आठवलं. तिला कळलं होतं आणि तिनं कळू दिलं नव्हतं. हा शेवटचा. हा उठला की त्या जागेवर बसायला कुणी उरणार नव्हतं. सायलसला तर आठ वर्षांच्या पोराची अक्कल होती, तिला काय झालं होतं? स्वतःच्या सुखासाठी तिनं पोराला बसच्या पायरीपर्यंत नेलं होतं, आणि वर रात्रंदिवस काळजी केल्याचं समाधानही मिळवलं होतं. तिला स्वतःची अतोनात लाज वाटली.

आत जाऊन ती सोफ्यावर बसली. सायलस येऊन गोधडीत शिरला. तिनं पुस्तक उघडलं नाही.

"आजीनं सांगितलं मला," ती म्हणाली.

सायलस ताठ झाला. मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "ती सांगणार नव्हती! तिनं शपथ घेतली होती!"

"तिच्यावर चिडू नको. सायलस, इकडे बघ. तू वाचलंस तरी इथून उठायचं नाही."

"पण खुर्ची?"

"खुर्ची गणिताला. जागा तुझी. तुला नकोशी होईल तोवर."

त्यानं तिच्याकडे बघितलं. मोठ्या माणसांचे शब्द किती दिवस टिकतात, हे त्यानं शनिवार ते सोमवार बघितलंच होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तपासनीस हॉलिस्टरबाई आल्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, अंगानं भरलेल्या, हातात ही एवढी पिशवी. त्यांनी आधी मफिन खाल्ला, मग दुसरा खाल्ला आणि मग नोंदवही उघडली. साबणाच्या पानावर थांबून त्या इतक्या हसल्या, की चष्मा काढून पुसावा लागला. टॅबिथा आणि एझ्राचं पंधरा मिनिटांत आटोपलं. दोघांना खेळायला पिटाळून त्यांनी सायलसला समोर बसवलं आणि पिशवीतून स्वतःचं एक पुस्तक काढलं, घरात कुणी न पाहिलेलं.

"हं. हे पान वाचून दाखव बघू, बाळ."

वेन्डेलनं त्या दिवशी बदली चालक घेतला होता. तो सिंकला टेकून उभा होता. लोर्ना स्टोव्हजवळ. सायलसनं पुस्तकाकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले, आणि मान हलवायला सुरुवात करणार, तोच त्यानं आईकडे बघितलं.

"खरंच ना?" त्यानं विचारलं.

"खरंच."

"बाबा, तुम्ही पण म्हणा."

वेन्डेलला आदल्या आठवड्यातच सगळं कळलं होतं. तो म्हणाला, "खरंच रे, बाबा."

हॉलिस्टरबाईंना कशाचाच पत्ता नव्हता. त्या एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. सायलसनं पुस्तक जवळ ओढलं आणि वाचायला लागला. सुरुवातीला आवाज फुटत नव्हता. मग फुटला. गोष्ट एका म्हाताऱ्या पोस्टमनची होती. म्हातारा बोलला की सायलस आवाज खरखरीत करायचा, त्याची बायको बोलली की नाकात बोलायचा. अगदी लोर्ना करायची तसंच. पान संपलं, तसं त्यानं न विचारता पुढचं उलटलं. दुसरंही पान वाचलं. तिसऱ्याला बाईंनीच थांबवलं.

"पुरे, पुरे. या पोराला वाचता येत नाही असं कोण म्हणालं?"

लोर्ना स्टोव्हकडे तोंड करून उभी होती, जूनमध्ये, विझलेल्या स्टोव्हकडे. बाईंनी सही केली, तिसरा मफिन कागदात गुंडाळून पिशवीत टाकला आणि गेल्या.

दुपारी केक झाला. वेन्डेलनं खोपटातून खुर्ची आणली, अडीच-तीन वर्षांची धूळ पुसली. चारनंतर इर्मा बस लावून आली आणि दारातूनच म्हणाली, "म्हणजे माझ्या तीन जागा रिकाम्याच!" आणि तिनं नातवाला इतकं जोरात आवळलं, की तो ओरडला. सायलस खुर्चीवर बसला. तोंड केकनं माखलेलं, तरी नजर मधूनमधून सोफ्याकडे. जागा आहे ना तिथंच, हे बघायला.

लोर्नाचं मन भरून आलं होतं. तिनं फ्रिजवरचा फोटो काढून आणला. "हे बघ सायलस, टॅबिथाचा खुर्चीचा दिवस. काय खूश होती ही! दिवसभर त्या खुर्चीवरून उठली नव्हती. आठवतं ना गं?"

"मी खूश नव्हते," टॅबिथा म्हणाली.

अकरा वर्षांची मुलगी. ती बशीतले केकचे कण बोटानं गोळा करत होती. तिनं ते चिडून म्हटलं नाही, नुसतं दुरुस्त केलं, एझ्राचं गणित दुरुस्त करायची तसं.

"असं काय म्हणतेस? हनुवटी बघ की तुझी!"

"रडू नये म्हणून वर केली होती. खाली केली की येत होतं." टॅबिथानं बशी सरकवली. "मी उठले आणि तू लगेच एझ्राला घेतलंस. केक संपायच्याही आधी. मग मी कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन रडले. तुम्हाला वाटलं मी अंडी आणायला गेलेय."

"मी नाही रडलो," एझ्रा म्हणाला. "मला केकचा कोपरा मिळाला होता."

कुणी हसलं नाही. इर्मासुद्धा.

"मला का नाही सांगितलंस, टॅबी?"

"तू किती खूश होतीस," टॅबिथा म्हणाली.

पाच वर्षं तो फोटो फ्रिजवर होता. दूध काढताना, लोणी ठेवताना दिवसातून वीस वेळा लोर्नानं तो पाहिला होता आणि प्रत्येक वेळी तिला बरं वाटलं होतं. आता तो हातात होता आणि त्यातली हनुवटी तिला बघवेना.

दुसऱ्या दिवशी वाचन असायचं कारण नव्हतं. घरशाळेचं वर्ष संपलं होतं, सही झाली होती. तरी सात-वीसला बस गेल्यावर लोर्ना पुस्तक घेऊन सोफ्याशी आली. सायलस आधीच गोधडीत शिरून बसला होता. यावेळी ती स्वतः तुटल्या स्प्रिंगच्या बाजूला बसली. ढोपरं पार वर आली. एझ्रा खो-खो हसला.

"सायलस, तू त्या कडेला सरक. मला मध्ये जागा हवी."

"कुणासाठी?"

"टॅबी, ये."

टॅबिथा टेबलाशी तिच्या खुर्चीवर होती. "आई, मी अकरा वर्षांची आहे."

"माहीत आहे मला."

टॅबिथानं पुस्तकात डोकं घातलं. लोर्नानं पुन्हा बोलावलं नाही, आणि वाचायला सुरुवातही केली नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. टॅबिथा आली आणि दोघांच्या मध्ये, अंग चोरून, बघत नसल्यासारखी बसली. तिचे पाय आता जमिनीला टेकत होते. लोर्नानं हात पसरून तिला ओढून घेतलं, पण मुलगी कुशीत मावेना. एक खांदा, एक कोपर, सगळी बाहेरच राहिली. सहा वर्षांची असताना ती किती नेमकी बसायची. ते आता जमणार नव्हतं, कितीही आवळून धरलं तरी, आणि हे दोघींनाही कळत होतं.

लोर्ना वाचायला लागली. टॅबिथा उठली नाही.